मनगटावरचा अंगठा

पुणे, नारायण पेठ
आषाढ वद्य ४, शके १७१५

राजश्री अनंतराव व्याही, मुक्काम मांजरी, यांस मैराळपंताचा नमस्कार. इकडे सर्व ठीक, एक गोष्ट सोडून.

ती गोष्ट हिशेबानेच सांगतो, कारण घोड्यांच्या दलालाला दुसरी भाषा येत नाही. अर्जुनाची साल नदीकाठी फुकट मिळते. ती सोलायला गडी पाठवला त्याचे दोन आणे. तो पावसात भिजून तापाने पडला, त्याला बसून जेवायला घातले. मोत्याचे भस्म साडेपाच रुपये. वैद्यबुवांना दक्षिणा, वर पागोटे, वर त्यांच्या तट्टाला आमच्या तबेल्यातला दाणा. ते तट्टू आता वैद्यबुवांना न विचारता आमच्या दाराशी थांबते. आपल्या विहीणबाई मथुराबाई यांनी परभारे गंडेदोरे केले, ते मला सांगितलेले नाहीत. पण माझे कान तिखट आहेत, पलीकडच्या खोलीत नाणी वाजली तरी आकडा कळतो. सगळे मिळून एकोणीस रुपये. एवढ्यात चार पायांवर उभे राहणारे शिंगरू आले असते. आणि आमच्या मंदाकिनीच्या, म्हणजे तुमच्या सरूच्या, छातीतली धडधड आहे तिथेच आहे.

वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळता गुंडाळता ती एकदम खाली बसली, तिथून हे सुरू झाले. चेहरा पांढरा होतो, गळ्याची शीर उडताना दिसते, काही वेळाने उठून कामाला लागते. विचारले तर म्हणते, "दाणे न घालता जातं फिरवलं की कसं होतं, तसं होतं आत." वैद्यबुवांनी मनगटावर तीन बोटे ठेवली, डोळे मिटले, आणि इतका वेळ मिटले की मला वाटले झोपले. मग म्हणाले, "मनात काहीतरी आहे."

मनात काय आहे ते काढायला माझ्याइतका जुना माणूस पुण्यात नाही. तुम्ही कुळकर्णी, जमीनमहसुलाची माणसे; आमचा सौदा तुम्ही पाहिला नसेल. घोड्याचा भाव आम्ही तोंडाने बोलत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतो आणि आत बोटे दाबून आकडा सांगतो, म्हणजे भोवतालच्या गर्दीला पत्ता लागत नाही. माझी चार बोटे आकडा बोलतात, आणि त्याच वेळी अंगठा समोरच्याच्या शिरेवर असतो. तोंडाने तो गेल्या पिढीपासूनची गरिबी सांगत असतो, पण मनातला भाव आला की नाडी उडी मारते. तिथे मी थांबतो. दुसऱ्याच्या घोड्याचा लगाम धरून चालत मी या गावात आलो. मकबूल सौदागराने विश्वासाने एक लंगडी घोडी विकायला दिली, तिथपासून आज सरकारच्या पागेला घोडे पुरवतो आहे, ते या अंगठ्यावर. वैद्याला तीन बोटे लागतात, मला एक अंगठा पुरतो.

तेव्हा काळजी करू नये. सरूला लहानपणी असे काही होत होते काय, एवढे कळवावे. आपला मोडलेला पाय कसा आहे? चिरंजीव श्यामसुंदर मोहिमेवर खुशाल आहे. मकबूलचा मुलगा मकसूद छावणीत घोडे पोहोचवायला जातो, तोच त्याची पत्रे आणतो.

•

मौजे मांजरी
आषाढ वद्य ८

राजश्री मैराळपंत यांस अनंतरावाचा नमस्कार.

पाय फळीला बांधून पडलो आहे, नाहीतर पत्राऐवजी मीच आलो असतो. गंजीवरून पडलेला कुळकर्णी पाहायला सारा गाव येऊन गेला. आपणही आला असता तर बरे झाले असते. एकोणीस रुपयांचा हिशेब तोंडी ऐकला असता.

सरूला असले काही कधी नव्हते. चिंचा पाडायला झाडावर चढणारी मुलगी. आपल्या घरी गेल्यावर सुरू झाले असेल तर आपल्याच घरात शोधावे. तिला रात्री झोप मिळते काय? चातुर्मासातले उपास विहीणबाई स्वतः किती करतात आणि सुनेकडून किती करवून घेतात? श्यामसुंदराची पत्रे येतात म्हणता, ती तिला कोणी वाचून दाखवते काय? तिला बाळबोध अक्षर वाचता येते, मी शिकवले आहे. नवरा मोहिमेवर गेलेल्या मुलीचे काळीज धडधडले तर त्यात वैद्याने डोळे मिटण्यासारखे काय आहे?

आणि एक. आपला अंगठा आपण बाजारात ठेवावा. माझी मुलगी विकायला काढलेली नाही.

•

पुणे
श्रावण वद्य ३

अनंतराव व्याह्यांस नमस्कार.

आपले पत्र पोचले. चिंचेच्या झाडाचा मजकूर आवडला. बाकीचा गिळला, व्याह्याचे बोलणे काढ्यासारखे एका घोटात घ्यावे म्हणतात.

हे पत्र लिहायला आठवड्याहून अधिक वेळ घेतला. दौत भरायची आणि ठेवून द्यायची, असे चालले होते. पण लपवून चालणार नाही.

श्रावणातल्या शुक्रवारी पूजा आटोपल्यावर मंदाकिनीला माजघरात बसवले. शेजारी मथुराबाई होत्या. म्हटले, "पोरी, वैद्यबुवा थकले. आता मामंजी पाहतात. हात पुढे कर." सुनेचा हात, म्हणून वर रुमाल टाकला. आत अंगठा ठेवला आणि इकडच्या तिकडच्या गप्पा काढल्या. मांजरीचे नाव घेतले, तुमच्या पायाचे काढले, तिच्या आईचे काढले. काही नाही. उपासांचे काढले, सासूबाईंचे काढले. त्या स्वतः शेजारी बसून डोळे वटारत होत्या, तरी नाडी शांत. श्यामसुंदराचे नाव घेतले, जराशी हलली. मग सहज म्हटले, "परवा मकसूद येऊन गेला."

अनंतराव, लगाम तुटलेल्या शिंगरासारखी उधळली.

माझा विश्वास बसला नाही. पुन्हा पावसापाण्याच्या गप्पा केल्या, शांत होऊ दिली, पुन्हा ते नाव काढले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

हे आभाळातून पडलेले नाही. आदल्या दिवशीच मथुराबाई म्हणाल्या होत्या, "तो मकसूद ओट्यावर आला की हिच्या बांगड्या थांबतात. तुमचे कान कुठे असतात?" माझे कान जागेवरच असतात. मीही ऐकले होते. रात्रभर तेच घोळत होते मनात, म्हणून तर दुसऱ्या दिवशी हात धरला.

मी तिला काही बोललो नाही. विचारलेही नाही. बाजारात नाडी कळल्यावर माणसाला विचारायचे नसते, भाव ठरवायचा असतो. ती मात्र माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मामंजी, पाणी आणू का?" एवढे धैर्य मी भल्याभल्या सौदागरांत पाहिलेले नाही.

गावात बोभाटा नको. हवापालटाला माहेरी धाडली असे सांगू. मकसूदला ओट्यावर येऊ नकोस म्हणून बजावले. कारण दिले नाही. श्यामसुंदराला दोन ओळी लिहिल्या आहेत, दोनच. तुम्ही बाप आहात; तुम्ही विचारा, तुम्हाला सांगेल. माझ्या मनात तिच्याविषयी राग नाही. घोडे बुजते त्यात घोड्याचा दोष नसतो, असे मी नेहमी म्हणतो.

•

मांजरी
भाद्रपद शुद्ध ११

मैराळपंतांस.

सरू पोचली. पोळ्याच्या दिवशी पोचली. त्या दिवशी या मुलखात कोणी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. बैल रंगवून मिरवायला निघाले होते आणि वेशीतून आपली गाडी आत आली. गावाने आधी बैलांकडे पाहिले, मग गाडीत कोण आहे ते पाहिले. बोभाटा नको म्हणाला होतात.

मी तिला विचारले नाही. मला पाय नाही, पण डोळे आहेत. अंथरुणावर पडून दुसरे काम नव्हते, तेव्हा बघत राहिलो. आपण नावे घेऊन पाहिलीत, मी गप्प राहून पाहिले.

पहिल्यांदा झाले ते मिरच्या वाळत घालायला वाकली तेव्हा. अंगणात मी आणि एक कोंबडी, जी कुळकर्ण्याच्या अंगणात यायला नको होती. मकसूद नव्हता. दुसऱ्यांदा झाले तेव्हा ती गाढ झोपेत होती. दचकून उठली आणि छाती धरून बसली. तिसऱ्यांदा शेजारणीशी हसत होती. दार धाडकन उघडावे तशी सुरू होते आणि धाडकन लागावे तशी थांबते. भीती अशी नसते, पंत. भीती आली की रेंगाळते, गेली तरी हातपाय गार ठेवून जाते. चोरी पकडलेला माणूस मी चावडीवर जन्मभर पाहिला आहे. त्याचे काळीज क्षणात जागेवर येत नाही. हिचे येते. विहिरीचे गार पाणी तोंडात धरून श्वास कोंडला की कित्येकदा लगेच येते. ही युक्ती तिची तिनेच शोधली आहे. केव्हा शोधलीस म्हटले, तर आईकडे बघायला लागली.

मग घरात माझा तपास सुरू झाला. सरूची आई म्हणाली, "आठव्या वर्षापासून आहे. वर्षात एखाददा व्हायचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर सोयरीक जुळवताना तुम्ही व्याह्यांना सांगून मोकळे झाला असता."

खरे आहे, मी सांगितले असते. आपण लग्न मोडले असतेत, आणि आज मी आपला आभारी असतो. मुलीला आईने बजावले होते, सासरी बोलायचे नाही. ती बोलली नाही. मागच्या पत्रात मी छातीठोक लिहिले की असले काही कधी नव्हते, ते पत्र परत घेतो.

बांगड्यांचेही विचारले. म्हणाली, "मकसूदभाई ओट्यावर छावणीची बातमी सांगायचे. मामंजी पत्र वाचून आत येऊन म्हणायचे, सगळं ठीक आहे. एवढंच. म्हणून मी हात थांबवायची. बांगड्या वाजल्या तर ओट्यावरचं ऐकू येत नाही." आपल्यासारखे कान सगळ्यांना नसतात.

थेऊरच्या वैद्यांना बोलावले आहे. त्यांनी निरोप पाठवून विचारले की आपण नाडी नेमकी कशी पाहिलीत, कुठे हात ठेवला, काय लागले, ते तपशिलाने हवे. तेवढे कळवावे. आणि श्यामसुंदराला आणखी दोन ओळी लिहाव्यात. आधीच्या दोनांइतक्याच लवकर.

•

पुणे
आश्विन शुद्ध १२

अनंतराव व्याह्यांस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. दसऱ्याला आमच्या धंद्यात मरायला सवड नसते. घोडे धुवा, झुली चढवा, कपाळाला गंध लावा. सरकारच्या पागेतले लोक पूजा आटोपली की लगेच दात मोजायला येतात.

पत्र दोनदा वाचले. मुलीच्या बापाने लिहावे तसे ते आहे. मिरच्या, कोंबडी, झोप, सगळे मान्य करतो. रोग असेल. पण अंगात रोग असू शकतो आणि मनात चोरही असू शकतो, एकाची दुसऱ्याला बंदी नाही. मिरच्यांपाशी उडाली म्हणून त्या नावापाशी उडाली ती खोटी कशी? एकदा नाही, तीनदा उडाली. बांगड्यांचे कारण चांगले आहे. इतके चांगले आहे की मला बाजाराची आठवण झाली.

थेऊरच्या वैद्यांना तपशील हवा तो असा. हात रुमालाखाली. माझी चार बोटे तिच्या मनगटाच्या खालच्या बाजूस, आधाराला. अंगठा वरून, शिरेवर, घट्ट दाबून. सैल ठेवला तर नीट लागत नाही, दाबला की चांगली ठणठणीत लागते. बाजारातही हीच रीत, कारण बोटे आकड्यात गुंतलेली असतात, मोकळा असतो तो अंगठाच. शंभर हातांत जो कधी फसला नाही तो घरच्या हातात फसेल, हे मला पटवायला थेऊरचे नव्हे, काशीचे वैद्य आणा.

श्यामसुंदराचे उत्तर आले. फार लिहिलेले नाही. "बाबांचा अंगठा चुकत नाही हे लहानपणापासून पाहत आलो. आपण कराल ते मान्य." पोरगा आज्ञाधारक आहे. सरदार लोकांना अशी पोरे हवी असतात.

मकबूलची आणि माझी धंद्यातली भागी सुटली. मकसूदला ओटा बंद झाल्याचे कारण त्याने विचारले, मी सांगितले नाही, पण मथुराबाईंचे कुजबुजणे माझ्याच कानांना ऐकू येते असे नाही. तो आला, आपले खोगीर उचलले आणि गेला. वाटणीचे काही बोलला नाही.

दिवाळीनंतर पाहू, घाईने काही ठरवायचे नाही. मथुराबाई शनिवार पेठेत एका घरी हळदीकुंकवाला जाऊन आल्या, एवढेच. सरूला आशीर्वाद. पाय जपावा.

•

मांजरी
मार्गशीर्ष शुद्ध ११

मैराळपंतांस.

श्यामसुंदराचे दुसरे लग्न झाल्याचे हडपसरच्या भाजीवाल्याकडून कळले. जिलबी पाघळली होती हेही कळले. घाईने काही ठरवायचे नाही असे आपण लिहिले होते, त्यावर विसंबून मी पाय बरा होण्याची वाट पाहत होतो. मला वाटले, काठी टेकत येईन, आपल्या ओट्यावर बसेन, दोन शब्द ऐकवीन, दोन ऐकेन, आणि मुलीला घरात सोडून परत येईन. काठी तयार आहे. सुताराने चांगली केली आहे.

आता उरलेले लिहितो, कारण आपण तपशील दिला होता आणि वैद्यांनी उत्तर दिले आहे. कोणाचे ऋण ठेवू नये.

वैद्य थेऊरहून दोनदा आले. त्यांनी सरूच्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवली. पहिल्या खेपेला काही सापडले नाही. दुसऱ्या खेपेला ते ताक पीत असतानाच तिला सुरू झाले. भांडे खाली ठेवून त्यांनी हात धरला. मला म्हणाले, "मोजता येत नाही इतकी पळते आहे, पण नेमाने पळते आहे. भित्र्याची अशी नसते. हा हृदयाचाच स्वभाव आहे. पुष्कळांना जन्मभर असतो आणि म्हातारे होऊन मरतात. उपास नकोत, जागरण नको, गार पाण्याची युक्ती चांगली आहे." औषध दिले, पैसे घेतले नाहीत, ताक पुन्हा मागितले.

मग मी आपले पत्र वाचून दाखवले. चार बोटे खाली आणि अंगठा वर, इथपर्यंत आल्यावर ते म्हणाले, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचले.

"अंगठ्याने?"

म्हटले, "अंगठ्याने. दाबून."

ते हसले नाहीत. हसले असते तर मला बरे वाटले असते. म्हणाले, "अंगठ्याला स्वतःची नाडी असते. आमच्याकडे पोरगा विद्या शिकायला आला की पहिल्या दिवशी त्याला हे सांगतात. अंगठा दाबून धरला की दुसऱ्याची कमी आणि आपलीच जास्त लागते. तुमच्या व्याह्यांनी सुनेला प्रश्न विचारले आणि उत्तरे स्वतःच्या काळजाकडून घेतली."

सरू दाराआड होती. ती बाहेर आली. इतक्या दिवसांत तिने त्या शुक्रवाराबद्दल अवाक्षर काढले नव्हते. म्हणाली, "बाबा, मामंजींचा हात थरथरत होता. पहिल्यापासून. मकसूदभाईंचं नाव घेताना तर त्यांच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, माझ्यासारखंच त्यांना काहीतरी होतं आहे आणि ते कोणाला सांगत नाहीत. म्हणून पाणी आणू का विचारलं."

पंत, माझी मुलगी आपल्या हातात हात देऊन आपल्या प्रकृतीची काळजी करत होती, आणि आपण तिचा भाव ठरवत होता.

तिला परत न्या असे मी म्हणत नाही. सवतीवर पाठवायला मी तिला बाळबोध शिकवले नाही. तीही येणार नाही. लग्नातली भांडी आणि शेले आपल्याकडेच राहू द्यावेत, नव्या सुनेला उपयोगी पडतील. या पत्राला उत्तर नसले तरी चालेल. असले तर त्यात घोड्यांची उदाहरणे नकोत.

•

पुणे
पौष शुद्ध ५

राजश्री अनंतराव यांस. व्याही लिहायचा अधिकार उरला आहे की नाही ठाऊक नाही, म्हणून नुसते नाव लिहिले.

आपले पत्र घरात कोणाला दाखवले नाही. मथुराबाईंनी विचारले, "मांजरीचं काय म्हणणं?" म्हटले, "पाय बरा आहे." श्यामसुंदर नव्या सुनेला घेऊन जेजुरीला गेला आहे, आल्यावर पुन्हा छावणीत जाईल. त्याला सांगावे असे चारदा वाटले. सांगून त्याने काय करायचे? त्याने तर मान्य म्हटले होते. त्याला मान्य म्हणायला मीच शिकवले.

पत्र वाचल्यावर आधी राग आला, हे लपवत नाही. थेऊरचा कोण वैद्य, ताक पिऊन शहाणपण सांगतो. एवढी वर्षे मी बाजारात कमावले ते काय वाऱ्यावर? सरळ मकबूलकडे गेलो. ज्याचा हात मी सगळ्यात जास्त वेळा धरला तो तोच. तो सातारच्या वाटेला लागायच्या तयारीत होता, बैलांवर खोगिरे लादली होती, मकसूद दोऱ्या आवळत होता. मला पाहून मकसूद आत निघून गेला. मी मकबूलला विचारले, "सौद्यात माझा अंगठा तुझ्या मनगटावर असायचा, तुला कधी कळलं होतं?"

म्हणाला, "रोज कळत होतं, पंत."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? मला वाटायचं, दोस्तीने ठेवता."

मग दोरीची गाठ पाहायला वळला. मी थोडा वेळ उभा राहिलो. कोणी बसा म्हटले नाही. त्या अंगणात असे पहिल्यांदाच झाले.

परत येताना हिशेब लागत गेला. बाजारात फायदा कसा झाला याचे उत्तर फार अवघड नाही. घोडा पाहताक्षणी माझ्या मनात त्याचा भाव ठरलेला असे. समोरचा त्या भावावर उतरला की माझेच काळीज उडे, आणि मला वाटे त्याचे उडाले. घोडे मला कळत होते, माणसे नाही. घोडे कळत होते म्हणून खपून गेले. त्या शुक्रवारी मात्र हातात घोडा नव्हता. बायकोने रात्री कानात घातलेले एक नाव होते, आणि ते घ्यायला मी सकाळपासून भीत होतो.

नव्या सुनेचा हात मी धरलेला नाही. ती बांगड्या सतत वाजवते. माझे कान अजून तिखट आहेत, सगळे ऐकू येते. मथुराबाई म्हणतात, मोकळ्या मनाची आहे.

भांडी आणि शेले पाठवत आहे. गाडी पोळ्याला नाही, साध्या दिवशी येते आहे. त्यात श्यामसुंदराची पत्रेही घातली आहेत, सगळी. प्रत्येकात शेवटी एक ओळ तिच्यासाठी आहे. "घरात सर्वांना, आणि तिला, माझी खुशाली सांगावी." मी आत जाऊन सगळे ठीक आहे एवढेच सांगत होतो. माफी मागत नाही, ती कोणत्या बोटाने मागायची ते मला येत नाही.

आपल्या वैद्यांचे म्हणणे आज सकाळी ताडून पाहिले. तबेल्यात गेलो, गड्यांना बाहेर पाठवले. घोडी बांधायचा लाकडी खुंटा आहे, बाभळीचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. त्याच्यावर रुमाल टाकला, आतून अंगठा दाबून धरला आणि मकसूदचे नाव घेतले.

खुंट्याला नाडी लागली.